दीडशेतला एक उशिरा येतो म्हणून

डिसेंबरातली सकाळ, कोथरूडमधला तिसरा मजला आणि गच्चीवरचा सोलर. ज्यांच्या सोसायटीत सोलरचं पाणी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शॉवर सोडला की आधी पाइपात रात्रभर गारठलेलं पाणी अंगावर येतं. आपण कुडकुडत कॉक गरमच्या बाजूला फिरवतो. काही होत नाही. आणखी फिरवतो. तेवढ्यात वरचं कढत पाणी येऊन थडकतं आणि पाठ भाजते. मग कॉक उलट्या बाजूला. पुन्हा गार. असे दोन-तीन हेलकावे खाल्ल्यावर कुठे अंघोळीजोगं पाणी लागतं.

माझी पुतणी सई इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज जवळ पडतं म्हणून आमच्याकडे राहते. त्या दिवशी केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काका, हाच तो टाइम डिले. कंट्रोलच्या मॅडम सांगतात, कुठल्याही सिस्टिममध्ये उशीर घुसला की ती ताब्यात ठेवणं कठीण."

बरोबरच आहे. पण तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. म्हटलं, "एक यंत्र मात्र असं आहे, जे केवळ उशिरामुळे ताब्यात राहतं. उशीर नसता तर ते कुणाला चालवताच आलं नसतं. अणुभट्टी."

तिने टॉवेल खुर्चीवर टाकला. "कसं काय? उशीर तो उशीरच ना?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात कितीदा तरी दिलं होतं, पुस्तकात असतं तसंच. त्या सकाळी सांगता सांगता माझंच मला कळलं, की ते उत्तर अर्धंमुर्धं आहे. तेव्हा आधी पुस्तकातलं सांगतो, मग ते कुठे लंगडतं ते सांगतो.

युरेनियम-२३५च्या केंद्रकात एखादा मंद न्यूट्रॉन शिरला की बहुतेक वेळा ते केंद्रक फुटतं. दोन तुकडे होतात, पण सारखे नव्हेत. एक जड, एक हलका. सोबत सरासरी २.४ नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. यातले काही भट्टीबाहेर निसटतात, काही पाण्यात, पोलादात किंवा न फुटणाऱ्या युरेनियममध्ये गडप होतात. उरलेल्यांपैकी सरासरी एकाने पुढचं केंद्रक फोडलं, की गाडी एका चालीने चालत राहते. भट्टी क्रिटिकल झाली म्हणतात ते याला. बातमीत हा शब्द वाचून लोक दचकतात, पण रुग्ण क्रिटिकल होतो तसं इथे काही नाही. एका पातळीवर शांतपणे चालणारी प्रत्येक भट्टी क्रिटिकलच असते.

आता वेग बघा. साध्या पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉन जन्मला, पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटत मंदावला आणि पुढचं केंद्रक फोडून संपला, या सगळ्याला लागणारा वेळ ढोबळमानाने सेकंदाचा दहाहजारावा भाग. म्हणजे एका सेकंदात दहा हजार पिढ्या. समजा भट्टीची शक्ती जराशी वाढवायची म्हणून न्यूट्रॉन गिळणारा नियंत्रक दांडा किंचित वर ओढला आणि दर पिढीला १००० न्यूट्रॉनांचे १००१ होऊ लागले. हजारात एक, अगदीच नगण्य. पण चक्रवाढ व्याज कुणाला सोडत नाही. १.००१ला दहा हजार वेळा स्वतःने गुणलं तर उत्तर येतं सुमारे २२,०००. एका सेकंदात शक्ती बावीस हजार पट! दांड्याची मोटर चालू होऊन तो सूतभर खाली सरकायच्या आत सगळा खेळ आटोपलेला असेल.

आणि तरीही २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत, स्टॅग फील्ड या मैदानाच्या प्रेक्षकसज्ज्याखालच्या रॅकेट कोर्टात, एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली अणुभट्टी चालवली ती माणसाच्या हाताने. जॉर्ज वाइल नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ कॅडमियमचा पत्रा लावलेला दांडा हातानं ओढत होता. फर्मी सांगतील तेवढाच, कधी सहा इंच, कधी फूटभर. मध्येच फर्मी स्लाइडरूलवर आकडे पाहत होते, मध्येच सगळे जेवायलाही जाऊन आले. शेवटी साखळी स्वतःच्या पायावर उभी राहिली, २८ मिनिटं चालली, अर्ध्या वॅटपर्यंत गेली आणि बंद केली गेली. अर्धा वॅट म्हणजे देवघरातला छोटा बल्बही धड पेटणार नाही. पण अशा राक्षसाला एक माणूस हाताने दांडा ओढून नाचवतो, हे घडलं कसं?

घडलं ते उशिरा येणाऱ्या काही न्यूट्रॉनांमुळे. ते आहेत हे फर्मी यांना पक्कं ठाऊक होतं, कारण तीन वर्षांपूर्वीच ते सापडले होते. ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी १९३८च्या डिसेंबरात युरेनियम फुटतं हे दाखवलं, लीझ माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला, आणि १९३९च्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत रॉबर्ट्स, मेयर आणि वांग यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. न्यूट्रॉनांचा मारा बंद केला तरी युरेनियममधून न्यूट्रॉन येतच होते. काही सेकंद सरले, तरी येत होते, हळूहळू कमी होत. नगारा थांबल्यावर पाच-दहा सेकंदांनी मागून एखादा टोला ऐकू यावा, तसं.

हे उशिराचे न्यूट्रॉन कुठून येतात ते एका उदाहरणात नीट दिसतं. युरेनियम फुटून जे तुकडे होतात त्यांच्यात कधी कधी ब्रोमीन-८७ असतो. या ब्रोमीनमध्ये ३५ प्रोटॉन आणि ५२ न्यूट्रॉन. पुण्यातल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गावाकडचे सात पाहुणे उतरावेत तशी त्याची अवस्था, न्यूट्रॉनांची गर्दी फार. गर्दी कमी करायचा त्याचा मार्ग म्हणजे बीटा ऱ्हास. एक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि ब्रोमीनचा क्रिप्टॉन-८७ होतो. ही क्रिया सावकाश चालते. ब्रोमीन-८७चं अर्धायुष्य सुमारे ५५.६ सेकंद, म्हणजे आत्ता शंभर असतील तर मिनिटभराच्या आत पन्नास उरतील.

तयार झालेल्या क्रिप्टॉन-८७मध्ये ३६ प्रोटॉन आणि ५१ न्यूट्रॉन. इथे खरी मजा आहे. केंद्रकाच्या रचनेत ५० ही भरलेल्या कप्प्याची संख्या आहे. तिला जादुई संख्याच म्हणतात. पन्नास न्यूट्रॉन घट्ट बसलेले असतात आणि एक्कावन्नावा दारात उभा असतो, सैल. बीटा ऱ्हासानंतर क्रिप्टॉन पुरेसा खवळलेल्या अवस्थेत जन्मला, तर तो या एक्कावन्नाव्याला तत्क्षणी बाहेर ढकलतो आणि स्वतः क्रिप्टॉन-८६ होऊन शांत बसतो. हे दर वेळी होत नाही. शंभर ब्रोमीन-८७ मागे जेमतेम अडीच वेळा. दुसरा नावाजलेला उमेदवार आयोडीन-१३७, अर्धायुष्य सुमारे २४.५ सेकंद. त्याचा होतो झेनॉन-१३७, ज्यात ८३ न्यूट्रॉन. आणि ८२ हीसुद्धा जादुई संख्या. तोच कप्पा, तोच दारातला उपरा.

म्हणजे बारकाईने पाहिलं तर उशीर न्यूट्रॉन करतच नाही. तो बाहेर पडायचा तेव्हा लगेच पडतो. उशीर होतो त्याच्या आधीच्या बीटा ऱ्हासाला. लग्नात नवरदेवाला उशीर झाला असं आपण म्हणतो, अडकलेली असते वरातीची गाडी कात्रजच्या घाटात.

असे 'पूर्वज' तुकडे दोनशेहून अधिक ठाऊक आहेत. प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवणं वेड लावणारं, म्हणून अर्धायुष्यांच्या जवळिकीनुसार त्यांचे सहा गट पाडतात. सर्वांत संथ गट साधारण ५५ सेकंदांचा, सर्वांत चपळ गट सेकंदाच्या पाचव्या भागाचा. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत किपिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७मध्ये काढलेले सहा गटांचे आकडे पुढे कित्येक दशकं वापरात राहिले.

आता प्रमाण. युरेनियम-२३५मध्ये हे उशिराचे न्यूट्रॉन फक्त ०.६५ टक्के. बाकी ९९.३५ टक्के फुटता क्षणीच बाहेर.

पुस्तकातलं उत्तर असं: उशिराचे थोडे असले तरी त्यांची वाट सरासरी तेरा सेकंदांची असते. तेरा गुणिले ०.००६५, आले ०.०८ सेकंद. म्हणजे सगळ्या न्यूट्रॉनांची सरासरी धरली तर एका पिढीचा काळ दहाहजाराव्या भागावरून सेकंदाच्या बाराव्या भागावर गेला. सेकंदाला दहा हजारऐवजी बाराच पिढ्या, वाढ सव्वा टक्का. म्हणून भट्टी ताब्यात राहते.

मी हे पंचवीस वेळा तरी फळ्यावर लिहिलं असेल. मुलं उतरवून घ्यायची, बोर्डात मार्क मिळायचे. सईने मात्र दोन मिनिटांत कात्रीत पकडलं. "पण काका, ९९ टक्के न्यूट्रॉन तर झटपटच आहेत ना? ते कशाला सरासरीची वाट बघतील? दहा घरांतल्या एका घरी पगार वर्षाने झाला म्हणून बाकी नऊ घरं महिन्याच्या महिन्याला खर्च करायची थोडीच थांबतात?"

बिनतोड. सरासरी काढली की आकडा बरोबर येतो, पण ती का चालते आणि कुठे चालायची बंद होते, हे त्यातून कळत नाही.

म्हणून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ०.६५ टक्के म्हणजे १५४त एक. मी खिचडीसाठी काढून ठेवलेल्या शेंगदाण्यांतले १५४ मोजले आणि त्यातल्या एकाला कुंकू लावलं. सईची काकू म्हणाली, "ते पुन्हा धुऊन ठेवा." ठेवतो म्हटलं.

समजा भट्टी अगदी बरोबर क्रिटिकल आहे. दर पिढीला हजाराचे हजार. पण या हजारात झटपट येणारे किती? ९९३.५. उरलेले साडेसहा नंतर कधीतरी येणार आहेत. म्हणजे नुसत्या झटपट न्यूट्रॉनांच्या जोरावर ही साखळी चालूच शकत नाही! दर पिढीला हजाराचे ९९३ होत होत ती विझणार. हे एकदा लक्षात आलं की सगळं चित्र पालटतं.

कुंकवाचा दाणा टेबलावर ठेवला. हा एक उशिराचा न्यूट्रॉन. तो जन्मला, केंद्रक फोडलं, त्यातून झटपट न्यूट्रॉन आले, त्यांनी पुढची फोडली. एक वंश सुरू झाला. पण प्रत्येक पिढीत किंचित घट आहे, त्यामुळे हा वंश कायम चालत नाही. सरासरी १५४ न्यूट्रॉन होऊन निर्वंश होतो. आणि हे सारं सेकंदाच्या एका बारीक तुकड्यात. एक ठिणगी, एक भपका, संपलं.

मग भट्टी विझत का नाही? कारण त्या १५४मध्ये सरासरी एक कुंकवाचा निघतो. म्हणजे फुटलेल्या तुकड्यांतला एखादा ब्रोमीन किंवा आयोडीन असतो, तो आपल्या वेळेने, कधी दोन सेकंदांनी, कधी मिनिटाने, एक न्यूट्रॉन सोडतो. त्यातून पुढचा १५४चा वंश. तोही विझतो, जाताना एक कुंकवाचा दाणा ठेवून. भट्टी म्हणजे अशा अब्जावधी विझत्या वंशांची एकमेकांत गुंतलेली रास. झटपट न्यूट्रॉन घाईत असतात हे खरं, पण त्यांच्या घाईला पुरेसा दारूगोळा दिलेलाच नाही. पुढची पेटवणी करायला प्रत्येक वेळी त्यांना त्या एका उशिरा येणाऱ्याची वाट पाहावी लागते.

आता दांडा थोडा ओढू. हजाराचे १००१. त्यातले झटपट किती? ९९४.५. अजूनही हजाराच्या खालीच. वंश अजूनही विझतोच, फक्त जरा लांब चालून. हिशेब केला तर १५४च्या जागी १८२. यातून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही खऱ्या भट्टीत मोजता येतात. एक, दांडा ओढता क्षणी शक्ती लगेच अठरा टक्क्यांनी उडी घेते, कारण पेटवण्या तेवढ्याच असल्या तरी प्रत्येक भपका १५४चा होता तो १८२चा झाला. दोन, त्या उडीनंतर ती तिथेच थबकते आणि पुढे सावकाश चढते, कारण १८२च्या वंशात आता कुंकवाचे दाणे सरासरी १.१८ निघतात, पण त्यांना यायला सेकंदांमागून सेकंद लागतात. दुप्पट व्हायला ढोबळमानाने पाऊण मिनिट. पाऊण मिनिटात ऑपरेटर चष्मा पुसून पुन्हा घालू शकतो.

"आणि शॉवरचं?" सईने मूळ मुद्दा सोडला नव्हता.

शॉवरमध्ये उशीर आपल्या हातात आणि परिणामात आडवा येतो. कॉक फिरवला, फरक दिसला नाही, म्हणून आपण चूक करतो. भट्टीत दांडा हलवल्याचा परिणाम तत्काळ दिसतो, ती अठरा टक्क्यांची उडी त्याचीच. उशीर आहे तो वाढीत. हात झटपट आणि राक्षस संथ, अशी वाटणी झाली आहे. नशीबच म्हणायचं. केंद्रकांच्या कप्प्यांची रचना थोडी निराळी असती, बीटा ऱ्हासानंतर न्यूट्रॉन सुटलेच नसते, तर अणुऊर्जेचा इतिहास फार वेगळा झाला असता. अशा भट्ट्या बांधायला मी तरी धजावलो नसतो.

पण ही वाटणी कुठपर्यंत? दांडा आणखी ओढत गेलो, हजाराचे १००५ केले, तर वंश साडेसहाशेवर जातो. १००६ केले तर आणखी लांब. आणि वाढ साडेसहाला टेकली की झटपट न्यूट्रॉनच हजाराला हजार भरतात, वंशाला शेवटच राहत नाही. आता त्यांना कुंकवाच्या दाण्याची गरज उरत नाही. याला प्रॉम्प्ट क्रिटिकल म्हणतात. सरासरीचं गणित इथेच मोडतं. पिढीचा काळ पुन्हा सेकंदाचा दहाहजारावा भाग.

या लहानशा पट्टीला अणुशास्त्रज्ञांनी पैशाचं माप दिलंय. क्रिटिकलपासून प्रॉम्प्ट क्रिटिकलपर्यंतचं अंतर म्हणजे एक डॉलर, त्याचा शंभरावा भाग एक सेंट. 'दहा सेंट वाढवले' असं ते सरळ बोलतात. नाव दिल्याचं श्रेय लुई स्लोटिन यांना देतात. हेच स्लोटिन मे १९४६मध्ये लॉस अलामॉसला प्लुटोनियमच्या गोळ्यावर हाताने प्रयोग करत असताना स्क्रूड्रायव्हर निसटला, गोळ्याने तो डॉलर ओलांडला आणि नऊ दिवसांनी ते गेले.

डॉलर ओलांडला की काय होतं याचं स्वच्छ उदाहरण मात्र ३ जानेवारी १९६१चं आहे. अमेरिकेत आयडाहोमध्ये एसएल-१ ही लष्कराची लहान भट्टी होती, तीन मेगावॅटची. देखभालीचं काम चालू असताना मधला दांडा काही इंचच उचलायचा होता. तो सुमारे ५० सेंटिमीटर उचलला गेला. चार मिलिसेकंदांत शक्ती २०,००० मेगावॅटच्या आसपास गेली. पापणी लवायला शंभर-दीडशे मिलिसेकंद लागतात. तिथले तिघंही गेले. चेर्नोबिलमध्ये २६ एप्रिल १९८६च्या रात्री कारणं अनेक होती, पाण्याची वाफ झाली की शक्ती घटण्याऐवजी वाढणारी रचना, दांड्यांची ग्राफाइटची टोकं. पण शेवटच्या क्षणांत भट्टी याच उंबरठ्यापलीकडे गेली. तिथले दांडे पूर्ण आत जायला अठरा-वीस सेकंद लागत. डॉलरच्या अलीकडे अठरा सेकंद पुष्कळ असतात, पलीकडे ते असून नसून सारखे.

म्हणून भट्टीच्या रचनेत नुसत्या दांड्यांवर भिस्त ठेवत नाहीत. इंधन तापलं की त्यातला सहसा न फुटणारा युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळतो आणि वाढीला आपोआप लगाम बसतो. हा लगाम क्षणात लागतो, माणसाची वाट पाहत नाही. ट्रायगा नावाच्या संशोधन भट्ट्यांत इंधनातच हायड्रोजन मिसळलेला असतो. त्यांत मुद्दाम डॉलर ओलांडतात, शक्तीचा निळा लखलखाट होतो आणि भट्टी स्वतःच खाली येते. ते पाहायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

सईचा पुढचा प्रश्न प्लुटोनियमचा होता, आणि तो प्रश्न आपल्या देशाला लागू आहे. प्रत्येक इंधनात उशिराचा वाटा सारखा नसतो. युरेनियम-२३५मध्ये ०.६५ टक्के, प्लुटोनियम-२३९मध्ये जेमतेम ०.२१, थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-२३३मध्ये ०.२७च्या आसपास. म्हणजे प्लुटोनियमचा डॉलर युरेनियमच्या डॉलरच्या एकतृतीयांश. कुंकवाचा दाणा १५४त नाही, पावणेपाचशेत एक. जुन्या झालेल्या इंधनात प्लुटोनियम साचतं, त्यामुळे साध्या भट्टीचाही डॉलर वापरता वापरता आकसतो आणि चालवणाऱ्यांना ते हिशेबात धरावं लागतं.

आपल्याकडे ही सगळी इंधनं हाताळून झालेली आहेत. ४ ऑगस्ट १९५६ला ट्रॉम्बेत अप्सरा क्रिटिकल झाली, आशियातली पहिली, युरेनियमवर. १९७२मध्ये ट्रॉम्बेतच पूर्णिमा, प्लुटोनियमवर. कल्पक्कमला १९८५मध्ये जलद प्रजनक चाचणी भट्टी, आणि तिथेच कामिनी, युरेनियम-२३३वर. जलद भट्टीत न्यूट्रॉन मंद करतच नाहीत. तिथे झटपट पिढी दहाहजाराव्या नव्हे, सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या आसपास संपते. हे ऐकून घाबरणारे भेटतात: हजार पट वेगवान म्हणजे हजार पट धोकादायक. पण शेंगदाण्यांचा हिशेब लावून बघा. डॉलरच्या अलीकडे वंश विझतोच; तो मिलिसेकंदात विझो की मायक्रोसेकंदात, पुढच्या पेटवणीला तोच ब्रोमीन, तोच आयोडीन, तीच सेकंदांची वाट. चढण्याचा वेग कुंकवाचा दाणा ठरवतो. काळजी घ्यायची ती डॉलर लहान असल्याची, आणि ती खरी काळजी आहे. जलद भट्टीत युरेनियम-२३८सुद्धा थोडा फुटतो आणि त्याचा उशिराचा वाटा दीड टक्क्याच्या वर, त्यामुळे एकूण डॉलर जरा सावरतो.

आपल्याला जवळची तारापूर. महाराष्ट्राच्या विजेत तिचा वाटा असतो, त्यामुळे कोथरूडच्या मिक्सरमध्येही कधी तरी तिथली वीज खेळत असणार, असं म्हणायला हरकत नाही. १९६९मध्ये सुरू झालेली पहिली दोन युनिटं साध्या पाण्याची आहेत, तिसरं-चौथं जड पाण्याचं, प्रत्येकी ५४० मेगावॅट. जड पाण्यात एक जादा गंमत मिळते. त्यातला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, हा एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचा सैल संसार. २.२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टहून जोरदार गॅमा किरण येऊन आदळला की तो मोडतो आणि न्यूट्रॉन सुटतो. किरणोत्सारी तुकडे असे गॅमा तास-तास, काही तर कित्येक दिवस सोडत राहतात. म्हणजे जड पाण्याच्या भट्टीला ब्रोमीनच्याही पलीकडचे, दिवसांनी उशीर करणारे न्यूट्रॉन मिळतात. संख्येने थोडे. पण बंद भट्टी पुन्हा सुरू करताना मोजायला आत काहीतरी शिल्लक असतं, अंधारात चाचपडावं लागत नाही.

या उशिराची किंमतही मोजावी लागते, आणि ती बंद करताना. सगळे दांडे एकदम आत टाकले तरी न्यूट्रॉन एका झटक्यात शून्य होत नाहीत. दांडे आत गेले की वंश आखूड होतो, त्यामुळे शक्ती धाडकन दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. पण आधी साठलेले कुंकवाचे दाणे तर येणारच आहेत. एक-एक गट संपत जातो आणि शेवटी एकटा ब्रोमीन-८७ उरतो. मग तुम्ही आणखी दांडे घाला, बोरॉन ओता, काही करा; न्यूट्रॉन ५५ सेकंदांना निम्मे, याहून लवकर उतरणार नाहीत. जगातल्या कुठल्याही युरेनियमच्या भट्टीच्या बंद होण्याच्या आलेखाला हीच शेपटी असते, जड पाण्याच्या भट्टीत ती आणखी लांबते. (ही शेपटी वेगळी आणि किरणोत्सारी तुकड्यांची उरलेली उष्णता वेगळी. फुकुशिमात २०११ला घात केला तो दुसरीने. तिथे न्यूट्रॉनांची साखळी भूकंप होताच थांबवली गेली होती.)

एक उपयोग राहिला, मला सर्वांत आवडतो तो. जड पाण्याच्या भट्टीत इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या नळ्यांत सीलबंद असतात आणि शेकडो वाहिन्यांतून त्यांच्यावरून पाणी फिरतं. एखाद्या नळीला केसाएवढी चीर पडली तर शोधायची कशी? भट्टी चालू, आत डोकावायची सोय नाही. मग प्रत्येक वाहिनीतून थोडं थोडं पाणी बारीक नळीने बाहेर, न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राजवळ आणतात. निरोगी वाहिनीच्या पाण्यातून न्यूट्रॉन फार कमी येतात. एखाद्या वाहिनीच्या पाण्यात जास्त आले, तर याचा अर्थ त्यात ब्रोमीन-८७ किंवा आयोडीन-१३७ विरघळून आलाय, म्हणजे तिथलं सील फुटलंय. भट्टीपासून यंत्रापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, आणि ब्रोमीन तेवढा दम धरतो.

सईने हे ऐकून विचारलं, की पाणी यायला नेमका किती वेळ लागला तर मोजणी सर्वांत चांगली होईल? फार लवकर आलं तर त्यात ताजे, अगदी कमी आयुष्याचे किरणोत्सारी अणू गोंगाट करणार. फार उशिरा आलं तर ब्रोमीनच संपणार. मी कागद पुढे सरकवला. ती अर्धायुष्यं मांडून बसली, आणि काकूने कुंकवाचा दाणा वगळून १५३ शेंगदाणे कढईत टाकले.